आठवी पहार

शिट्टी वाजली तशा बाया पळाल्या.

लिंडिलेनं पुन्हा फुंकली. या खेपेला गाल दुखेपर्यंत फुंकली, तर मागे रेंगाळलेल्या दोघीसुद्धा पिशव्या पोटाशी धरून टेकडीवर चढल्या आणि कोरफडींच्या पलीकडे दिसेनाशा झाल्या. किनाऱ्यावर उरले चार पाणकावळे, आणि खडकाच्या फटीत पोटरीपर्यंत पाय अडकलेला मत्स्यखात्याचा निरीक्षक लिंडिले.

दोष बायांचा नव्हता. एमात्येनीच्या किनाऱ्यावर शिट्टीचा अर्थ एकच होता: परवाना काढ बाहेर, नाहीतर दंड भर. वर्षभर घोटून घोटून हा धडा लिंडिलेनंच त्यांना शिकवला होता. त्यांनी तो इतका पाठ केला होता की आता खुद्द मास्तर बुडायला लागला तरी त्या विसरणार नव्हत्या.

अमावास्येच्या उधाणाची ओहोटी होती. अशा दिवशी समुद्र दहाच्या सुमारास इतका मागे जातो की एरवी न दिसणारे खालचे खडक उघडे पडतात, आणि त्यांच्यावर तळहाताएवढे काळे शिंपले झुपक्यांनी लागलेले असतात. बाया नेहमी लांबच्या वाटेनं, वळसा घालून तिथे उतरतात. लिंडिले त्यांना पकडायला सरळ घळीतून गेला. अनवाणी बाईनं जिथे पाय टाकला नसता तिथे त्यानं सरकारी बूट टाकला. बसलेल्या वासराएवढा एक धोंडा डुगडुगला, बूट फटीत गेला आणि धोंडा परत जागेवर येऊन बसला. पडताना त्यानं आधाराला शिंपल्यांचा झुपका धरला होता, त्याच्या कडांनी तळहात चिरला.

आधी त्यानं पाय ओढला, मग धोंडा ढकलला, मग शिव्या दिल्या. धोंडा हलला नाही. बुटाची नाडी सोडावी म्हटलं तर हात घोट्यापर्यंत पोचत नव्हता. फोनला सिग्नल यायचा तो टेकडीवरच्या एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की. खात्याची गाडी त्याला घ्यायला एक वाजता येणार होती, आणि हा खडक साडेबाराच्या आत पाण्याखाली जातो, हे लिंडिलेला पोहायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. तो इथलाच होता.

इथलाच होता, हीच तर सगळ्यांची तक्रार होती. परक्या माणसानं कायदा सांगितला तर लोक कपाळाला हात लावतात. घरच्यानं सांगितला तर दात खातात. पहिल्याच सभेत लिंडिले मोठ्या उत्साहानं म्हणाला होता, "फी वर्षाला शंभरावर थोडे रँड. एवढंच! दिवसाला तीस शिंपले घ्या, कुणी विचारणार नाही."

माभेले नावाची एक बाई होती. जिभेला धार आणि हाताला त्याहून जास्त. ती म्हणाली, "फी शंभर, आणि ती भरायला तालुक्याच्या पोस्टात जायचं-यायचं टॅक्सीभाडं दीडशे. रांगेत दिवस मोडला तो निराळाच. आणि त्या कागदावर लिहिलंय तरी काय, वाच की जरा मोठ्यानं."

लिंडिलेनं वाचलं: मनोरंजनासाठी शिंपले गोळा करण्याचा परवाना.

सभा पाच मिनिटं हसत होती. "मनोरंजन!" माभेले डोळे पुसत म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना विचार, किती मनोरंजन होतं ते."

त्या दिवसापासून कुणी त्याला जोला म्हणेना. जोला हे त्याचं कुळ. मान द्यायचा तर गावात कुळाच्या नावानं हाक मारतात. आता त्याचं नाव पडलं शिट्टी. वर बोलणं सुरू झालं, की हा लोकांना दंड करतो आणि याची आत्या फुकट शिंपले खाते. ही आत्या म्हणजे नोबांडला, बापाची बहीण, जोला कुळातली बाई म्हणून गावाची माजोला. लिंडिलेची आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. याच खडकांवरचे शिंपले विकून त्याला शाळेत घातलं. बोलणं थांबवायचं म्हणून लिंडिलेनं एके दिवशी भर किनाऱ्यावर, सगळ्यांच्या देखत, आत्याच्या नावानं दंडाची पावती फाडली.

तिनं पावती घेतली. आपली पहार तिनं स्वतःहून त्याच्या पायाशी ठेवली. या पहारी गाडीच्या कमानपाट्याच्या तुकड्यांच्या, घासून धार केलेल्या. बोटभर रुंदीच्या वर पातं चालत नाही असा नियम आहे, म्हणून त्या जप्त होतात. पुढच्या पेन्शनच्या दिवशी आत्या टॅक्सीनं तालुक्याला गेली, फी भरली, आणि परवाना घेऊन आली. एमात्येनीत परवाना असलेली ती पहिली बाई, आणि एकटीच. शिंपले काढायला तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला.

आणि तिसऱ्याच दिवशी लिंडिलेनं गुरं धुवायच्या जुन्या हौदामागे लपवलेल्या सात पहारी शोधून काढल्या.

कुणी सांगितलं? गावानं क्षणभरही विचार केला नाही. जिच्याकडे कागद तिनंच सांगितलं, सरकारची सून झालीय ती! खरं तर कुणीच सांगितलं नव्हतं. हौदामागची जागा लिंडिलेला लहानपणापासून माहीत होती. आत्याची पहार कितीदा त्यानंच तिथे लपवली होती. गावात काय बोललं जातंय ते त्याच्या कानावर आलं होतं. एक वाक्य बोलला असता तर मिटलं असतं. पण मग सगळा राग त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आला असता, म्हणून तो बोलला नाही. माणूस असा सोयीनं गप्प बसतो आणि स्वतःला समजावतो, की आपण कुणाच्या भानगडीत पडत नाही.

पाणी फटीत खुळखुळायला लागलं, तेव्हा त्यानं तिसऱ्यांदा शिट्टी फुंकली.

"फुंकून फुंकून आतडी बाहेर येतील तुझी," मागून आवाज आला. "येतेय ना."

आत्या होती. घळीच्या दुसऱ्या टोकाला एकटीच शिंपले काढत होती. पळायचं तिला कारण नव्हतं. डोक्यावरची टोपली सावरत, दगड पारखत ती सावकाश आली, चोळीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"हा बघ. शिक्का आहे, सही आहे. आणि हे मोज, तीस आहेत. एकतिसावा फुटका होता, टाकून दिला."

दंड झाल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती, आणि तेही साहेबाशी बोलावं तसं.

"आत्या, माझा पाय—"

"आधी कागद बघ. मागच्या वेळी म्हणालास, कागद बघितल्याशिवाय मी आत्याबित्या ओळखत नाही."

"आत्या, पाय अडकलाय माझा! पाणी चढतंय!"

तिनं खाली पाहिलं. टोपली उतरवली, कागद परत चोळीत ठेवला, आणि गुडघ्यांवर बसून फटीत हात घातला. बोटांनी चाचपत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा साहेबाशी बोलणारीचा राहिला नव्हता.

"हाड शाबूत आहे. बूट धरलाय धोंड्यानं. थांब, पोरा."

स्क्रूड्रायव्हर धोंड्याखाली घालून तिनं अंगाचा भार दिला. धोंडा मुंगीच्या पावलाएवढा उचलला गेल्यासारखा वाटला, मग स्क्रूड्रायव्हर वाकला. तिनं तो पालथा घालून पुन्हा दाबला. तो मोडला.

"पहार हवी," ती म्हणाली. "रुंद पात्याची."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच लिंडिलेला ते जास्त लागलं.

"त्या टेकडीमागे आहेत. हाक मार त्यांना. सांग, मी कुणाला काही करणार नाही."

आत्या चढून गेली. साठी उलटलेली बाई, पण चढण चढताना एकदाही थांबली नाही. लिंडिले तिच्या पाठीकडे बघत राहिला. कोरफडींपाशी ती उभी राहिली, हात हलवून बोलताना दिसली. वारा समुद्रावरून होता, ऐकू काहीच येत नव्हतं. एकदा तिनं खाली त्याच्याकडे बोट दाखवलं. मग एकटीच खाली आली.

पाणी गुडघ्याला लागलं होतं. प्रत्येक लाट आली की मांडी भिजवून जात होती.

"येत नाहीत," आत्या म्हणाली. "माभेले म्हणते, परवा गळ टाकून बसलेला कोळी झाला होता, आज पाय मोडलेला झालाय, उद्या मढं होऊन पडेल आणि आपण रडायला गेलो की पावत्या फाडेल."

खरं होतं. बायांना पकडायला कोळ्याचं सोंग त्यानं खरंच केलं होतं.

"तू सांगायचं होतंस, तू बघितलंयस म्हणून!"

"सांगितलं. तर म्हणाल्या, हौदामागच्या पहारी दाखवून दिल्यास, आता आम्हालाही दाखवून दे." तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "कुठल्या पहारी रे?"

लिंडिलेनं मान वळवून समुद्राकडे पाहिलं.

"मला वाटत होतं, मी परवाना काढला म्हणून रुसल्यात. महिना झाला, माझ्या चुलीशी कुणी आलेलं नाही. मावसबहिणीच्या घरी मयत झालं तर मला कुणी भांडी घासायलासुद्धा बोलावलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, कागदाचा राग आहे, निवळेल." तिचा आवाज चढला नाही. "त्यांना वाटतंय मी चुगली केली. तुला माहीत होतं हे?"

लाट आली आणि त्याच्या कमरेवर फुटली. खोटं बोलायला जागा नव्हती, आणि ते ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

आत्या शेजारच्या खडकावर बसली. टोपली मांडीवर घेतली. ती आता उठून घरी गेली तर तिला कुणी बोल लावू शकणार नव्हतं, हे लिंडिलेला स्पष्ट दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो इतका घाबरला. समुद्राला तो इतका घाबरला नव्हता.

"आत्या, मला मरायचं नाही," तो म्हणाला आणि रडायला लागला.

"गप. रडून पाणी आणखी वाढवू नकोस." तिनं हात पुढे केला. "तुझं ते पावतीपुस्तक काढ."

"आं?"

"माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही. तुझ्या बोलण्यावर तर नाहीच. पण तुझ्या कागदाला त्या भितात, म्हणजे कागदावर विश्वास आहे. लिही."

पुस्तक वरच्या खिशात होतं, एका कडेनं भिजलेलं. तिनं शिंपल्यांवरचं फडकं त्याच्या छातीशी धरून वारा अडवला, आणि त्यानं चिरलेल्या हातानं लिहिलं: हौदामागच्या सात पहारींची जागा मला कोणी दाखवली नाही. ती मला लहानपणापासून माहीत होती. नोबांडला माजोला निर्दोष आहे. खाली सही केली. दंडाच्या रकमेचा रकाना रिकामा राहिला.

मग त्यानं गळ्यातली किल्ली काढली. "खात्याच्या खोलीची. पहारी तिथेच आहेत, भिंतीशी. सगळ्या घेऊन या म्हणावं."

"तुझ्या साहेबानं विचारलं तर?"

"जा ना, आत्या!"

ती गेली. पावती दातात धरली होती आणि किल्ली मुठीत.

आता लिंडिलेला करायला काहीच नव्हतं. शिट्टी फुंकायची सोय नव्हती. फुंकली असती तर आलेल्या बायाही परत गेल्या असत्या. पाणी पोटापर्यंत आलं. लाट परतताना त्याला पुढे ओढी आणि पाय मागे धरून ठेवी, तेव्हा घोट्यातून कळ डोक्यात जाई. खोली टेकडीच्या माथ्यावर, जायला दहा मिनिटं, यायला सात. बायांनी कागद वाचला तर. माभेलेला वाचता येतं. पण वाचून ती हसली तर? पुन्हा पाच मिनिटं सभा हसत बसली तर?

पाणी छातीला लागलं. त्यानं हनुवटी वर केली. समोर फक्त पाणी होतं, आणि त्याच्या हाताशी, धोंड्यावर, तोंड मिटून बसलेले शिंपले. पाणी त्यांच्यावर आलं तसे ते निवांतपणे उघडायला लागले.

"ए शिट्टी! हात वर कर, बघू खरंच जिवंत आहेस का!"

माभेले पाण्यात कमरेपर्यंत उभी होती. तिच्यामागे सहा जणी, साखळी धरून, आणि प्रत्येकीच्या हातात पहार. पहारींना खात्याच्या चिठ्ठ्या अजून बांधलेल्या होत्या. आत्या सगळ्यांत मागे, रिकाम्या हातांनी.

"मावशी..." लिंडिले म्हणाला.

"आता मावशी! मगाशी गुन्हेगार होते. श्वास धर."

तिनं बुडी मारली. धोंड्याच्या कुठल्या बाजूला पाती बसवायची हे त्या बायांना सांगावं लागत नाही. जन्मभर त्यांनी खडकाशी तेच केलेलं असतं. चार पहारी खाली गेल्या, तीन आडव्या लागल्या. माभेले वर आली, तोंडातलं पाणी थुंकली आणि ओरडली, "लाट वर आली की लावा जोर!" लाट आली, सातही बायांनी एकदम भार टाकला, लिंडिलेच्या नडगीवरून धोंडा खरवडत उठला, आणि आत्यानं त्याच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला मागे खेचलं. बूट आतच राहिला.

"राहू दे," माभेले म्हणाली. "सरकारजमा!"

त्याला वाळूवर आणून टाकलं. पाय सुजून भोपळा झाला होता. बाया दमून, भिजून, त्याच्याभोवती बसल्या आणि कुणी तरी आंबिलीची बाटली त्याच्या तोंडाला लावली. माभेले उठली, तिच्याकडे एक पहार जास्तीची होती. चिठ्ठीवरचं नाव वाचून ती आत्यापाशी गेली.

"ही तुझी," ती म्हणाली. मग काही तरी आणखी म्हणायला हवं असं वाटून म्हणाली, "संध्याकाळी येते. चुलीवर पाणी ठेव."

आत्यानं पहार घेतली आणि टोपलीत, शिंपल्यांखाली घातली. महिन्याभरात तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं नव्हतं. लिंडिलेनं ते पाहिलं, आणि पाय विसरला.

एवढ्यात खात्याची गाडी आली. लिंडिलेचे वरिष्ठ, ड्लोमोसाहेब, उतरले. त्यांनी निरीक्षकाचा अनवाणी पाय पाहिला, भिजलेल्या बाया पाहिल्या, आणि मग पहारी पाहिल्या.

"हा जप्तीचा माल ना? यांच्या हातात कसा?"

"मी मागवला, साहेब. किल्ली मी दिली. नाहीतर मी आता तिथे असतो." लिंडिलेनं समुद्राकडे हात केला. खडक दिसत नव्हता.

ड्लोमोसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी बायांचे आभार मानले, अगदी टोपी काढून मानले. मग टोपी घातली आणि म्हणाले, "ठीक. मोजून गाडीत टाक. नोंद आहे ना."

वाळूवर कुणी हललं नाही. बायांनी लिंडिलेकडे पाहिलं.  नियम तोच होता आणि तो तोंडपाठ सांगणारा माणूसही तोच होता. माभेलेनं सगळ्यांत आधी पहार त्याच्या पुढ्यात टाकली. "घे बाबा. सरकारला तुझ्या पायापेक्षा हे पातं महाग." एकेक पहार वाळूवर पडत गेली.

"सात," साहेब म्हणाले. "नोंदीत आठ आहेत."

लिंडिलेनं आत्याच्या टोपलीकडे पाहिलं नाही. "आठवी पाण्यात गेली, साहेब. माझ्या हातूनच सुटली. तसं लिहून देतो."

हे वाक्य बोलताना त्याला बरं वाटलं. निदान एवढं तरी आपण तिच्यासाठी केलं, असं त्याला खरोखर वाटलं.

आत्या उठली. टोपली खाली ठेवली, तीस शिंपले बाजूला सारले, पहार काढली आणि इतर सातांच्या शेजारी नीट आडवी ठेवली. साहेबांना परवाना उघडून दाखवला, त्यांनी एकदा लिंडिलेकडे पाहिलं, मग तो वाचून मान डोलावली. मग ती भाच्याकडे वळली, आणि हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच बोलली.

"खरं बोलायचं होतं तेव्हा महिनाभर गप्प बसलास. आता माझ्या नावानं खोटं बोलू नकोस."

तिनं टोपली डोक्यावर घेतली. माभेले तिच्या बरोबरीनं चालायला लागली, मग बाकीच्याही. साहेबांनी लिंडिलेला उचलून गाडीत मागे बसवलं आणि त्याच्या मांडीवर, नोंदवहीत लिहून घ्यायला, आठही पहारी ठेवल्या.